गादीवरचा तान्हा: कोल्हापूरने न मोजलेला महाराज

‘दत्तक’ हा शब्द २०२४ मध्ये कोल्हापूरच्या लोकसभा निवडणुकीत आला आणि चहाच्या गाड्यापासून वकिलांच्या बाररूमपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. काँग्रेसचे उमेदवार शाहू छत्रपती दत्तक आहेत, म्हणजे ते खरे वारसदार नव्हेत, असा मुद्दा महायुतीच्या उमेदवारांनी प्रचारसभेत काढला. काँग्रेसवाले चिडले, निषेधाचे फलक लागले. ‘मान गादीला, मत मोदीला’ ही घोषणा गाजत होतीच, मग त्या गादीचा इतिहासच वादात ओढला गेला. ७ मे रोजी मतदान होऊन गेले. पण या निमित्ताने ज्याने त्याने कोल्हापूरच्या दत्तकांची यादी म्हणून दाखवली. राजर्षी शाहू कागलच्या घाटग्यांकडून आलेले, शहाजी महाराज देवासहून आलेले, आजचे शाहू महाराज १९६२ मध्ये दत्तक आलेले. या यादीत एक नाव जवळपास प्रत्येकाने गाळले आणि ते गाळल्याचे कुणाच्या लक्षातही आले नाही.

राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम महाराज २६ नोव्हेंबर १९४० रोजी वारले. शहाजी महाराज गादीवर आले ३१ मार्च १९४७ रोजी. मधल्या सव्वासहा वर्षांत ‘ताराराणी साहेबांचा कारभार’ होता, असे सांगून आपण पुढे जातो. राजाराम महाराजांच्या या राणींचाच कारभार होता हे खरेच. पण तो ज्याच्या नावाने चालला, तो करवीरचा छत्रपती एक लहान मूल होते. त्याचा जन्म २२ नोव्हेंबर १९४१ चा. जन्मनाव प्रतापसिंहराव शंकरराव भोसले, दत्तक गेल्यावरचे नाव शिवाजी. २८ सप्टेंबर १९४६ रोजी ते मूल गेले. पाचवा वाढदिवस यायला दोन महिनेही राहिले नव्हते.

कोल्हापूरच्या राजघराण्यावर आपल्याकडे इतके लिहिले जाते की शाहू महाराजांच्या कुस्तीच्या आखाड्यापासून चित्त्यांच्या शिकारीपर्यंत काही सुटत नाही, आणि ते योग्यही आहे. या मुलाच्या वाट्याला मात्र वंशावळीतली एक ओळ आली. ती ओळ थोडी उलगडून पाहावी, म्हणून हा लेख.

आधी तारखाच पाहा. राजाराम महाराज वारले १९४० च्या नोव्हेंबरात. मूल जन्मले पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात, वर्ष पुरे व्हायला चार दिवस उरले असताना. म्हणजे ज्या वडिलांचा हा मुलगा ठरला, ते त्याच्या जन्माच्या जवळजवळ वर्षभर आधी गेले होते. आजच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, पण त्या काळच्या हिंदू कायद्यात ते पूर्ण बसत होते. विधवेने घेतलेला दत्तक तिच्या नवऱ्याचा मुलगा मानला जाई आणि त्याचा हक्क नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासून धरला जाई. मधला काळ कायद्याच्या दृष्टीने पुसलाच जाई.

विधवेच्या या अधिकारातही प्रांतोप्रांती फरक होता. बंगालात नवऱ्याने परवानगी देऊन ठेवलेली असल्याशिवाय विधवेला दत्तक घेता येत नसे. मद्रासकडे नवऱ्याची नसेल तर सपिंडांची, म्हणजे जवळच्या भाऊबंदांची, संमती लागे. मिथिलेत तर तिला अधिकारच नव्हता. आपल्या मुलखात मात्र ‘व्यवहारमयूख’ या धर्मशास्त्रग्रंथाची परंपरा चाले. नवऱ्याने मनाई करून ठेवली नसेल तर विधवा आपल्या विचाराने दत्तक घेऊ शकत असे. कोल्हापूरची गादी टिकली ती बऱ्याच अंशी याच मुभेवर, असे माझे ठाम मत आहे. ती मुभा हातात घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांची नावे सलग वाचली की ते पटते.

१७६० च्या अखेरीस कोल्हापूरचे संभाजी महाराज निपुत्रिक वारले. कोल्हापूरचे राज्य आपल्याकडे ओढून घ्यायचा पेशव्यांचा विचार होता. त्यांच्या राणी जिजाबाई यांनी तो हाणून पाडला, १७६२ मध्ये खानवटच्या भोसल्यांचा मुलगा मांडीवर घेतला आणि पन्हाळ्यावरून स्वतः राज्य हाकले. १८८४ मध्ये आनंदीबाई राणीसाहेबांनी नऊ वर्षांच्या यशवंतराव घाटग्यांना दत्तक घेतले. तेच राजर्षी शाहू. आणि १९४० नंतर ताराराणी, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची नात. त्यांच्यापुढे पेच असा होता की राजाराम महाराजांना मुलगा नव्हता. विजयमाला राणीसाहेबांच्या पोटची पद्माराजे ही एकच मुलगी होती, आणि गादीचा वारसा मुलीकडे जात नव्हता. भोसल्यांच्या भाऊबंदकीत मूल शोधले गेले आणि तान्हेपणीच प्रतापसिंहरावाचा शिवाजी झाला.

दत्तकविधान हा सोहळा वरून पाहणाऱ्याला मंगल वाटतो. होम होतो, मूल नव्या आईच्या मांडीवर बसवतात, साखर वाटतात. पण विधीचा गाभा आहे देण्या-घेण्याचा. जन्मदाते ‘दिला’ म्हणतात, घेणारी ‘घेतला’ म्हणते आणि त्या क्षणी मुलाचे जुने घर सुटते. मूल नऊ वर्षांचे असेल तर त्याला थोडेफार कळते. शाहू महाराजांना आपण कुठून आलो ते ठाऊक होते आणि कागलशी त्यांचे नाते पुढेही राहिले. मांडीवरच्या तान्ह्याला यातले काय कळणार? या मुलाच्या जन्मदात्या वडिलांचे नाव आज आपल्याला माहीत आहे, कारण ते त्याच्या मूळ नावाला जोडलेले होते. शंकरराव. जन्मदात्या आईच्या नावाला आपल्या नाव लिहिण्याच्या पद्धतीत जागाच नाही, म्हणून ते वंशावळीत आले नाही. जिने हे मूल नऊ महिने वाढवले आणि मग दिले, तिच्यावर १९४६ च्या सप्टेंबरात काय गुदरले असेल, हा प्रश्न मनातून जात नाही.

इथे इतिहास स्वतःला असा काही गिरवतो की त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. करवीरच्या गादीची मुळे १७०० सालात आहेत. त्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि ताराबाईंनी आपल्या मुलाला पुढे करून औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. तो मुलगा तेव्हा चार वर्षांचाही नव्हता आणि त्याचे नाव शिवाजी. अडीचशे वर्षांनी पुन्हा तेच: वारलेले महाराज राजाराम, कारभार पाहणारी राणी तारा, गादीवरचे मूल शिवाजी. पहिल्या ताराबाईंचा मुलगा मोठा झाला, पण सत्ता त्याला लाभली नाही. १७१४ मध्ये आईसह तो पन्हाळ्यावर कैदेत पडला. दुसऱ्या ताराराणींच्या मुलाला मोठे व्हायलाच मिळाले नाही.

मराठी माणसाला गादीवरचे मूल नवे नाही. सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा ते जेमतेम चाळीस दिवसांचे होते आणि बारभाईंनी ते राज्य सांभाळून दाखवले. आपण त्या गोष्टीकडे नेहमी कारभाऱ्यांच्या अंगाने पाहतो. नाना फडणवीस किती हुशार, महादजी किती मुत्सद्दी. मूल हे निमित्त. कोल्हापूरच्या या मुलाबाबतही तेच झाले. फरक इतकाच की सवाई माधवराव एकवीस वर्षांचे होईतो जगले, म्हणून त्यांना चरित्र मिळाले.

गादीवर मूल हवेच, हा आग्रह इतका का होता, हे इंग्रजी अमलाशिवाय कळणार नाही. सातारच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४८ मध्ये मरणाच्या दारात दत्तक घेतला. कंपनी सरकारने तो मानला नाही आणि शिवछत्रपतींच्या वंशातले थोरले राज्य खालसा झाले. झाशीची गोष्ट तर काळीज चिरणारी आहे. लक्ष्मीबाई आणि गंगाधरराव नेवाळकर यांना १८५१ मध्ये मुलगा झाला आणि चार महिन्यांत गेला. गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, भाऊबंदांतला आनंदराव दत्तक घेतला आणि त्याला गेलेल्या बाळाचेच नाव ठेवले, दामोदर. डलहौसीने तो दत्तक नाकारला, झाशी घेतली. पुढचे सगळ्यांना पाठ आहे. ते चार महिन्यांचे बाळ जगते तर झाशी खालसा करायला ती सबब उरली नसती. मोठ्या घटनांच्या तळाशी कधी कधी असा एक पाळणा असतो आणि इतिहासाच्या पुस्तकात तो अर्ध्या वाक्यात उरकतात.

सत्तावन्ननंतर इंग्रज सरकारने धोरण बदलले आणि १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. कोल्हापूरने त्या सनदेचा वापर जितक्या वेळा केला, तितका क्वचितच कुणी केला असेल. १८६६ मध्ये राजाराम महाराज दत्तक आले. विलायतेहून परतताना १८७० मध्ये ते फ्लॉरेन्सला वयाच्या विसाव्या वर्षी वारले. आर्नो नदीकाठी त्यांची छत्री आजही उभी आहे. १८७१ मध्ये नारायणराव भोसले आले, ते चौथे शिवाजी. त्यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले आणि १८८३ च्या नाताळच्या दिवशी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाबद्दल लिहिले म्हणून टिळक-आगरकरांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. मग १८८४ चा दत्तक, १९४० नंतरचे हे मूल, १९४७ आणि १९६२. जिजाबाईंपासून मोजले तर सात दत्तक. ‘दत्तक म्हणजे खरा वारस नव्हे’ हे सूत्र लावायचे ठरवले तर या गादीवर राजर्षी शाहूही बसत नाहीत. सभेत टाळ्या घेण्याआधी एवढा हिशेब करायला हवा होता.

आता त्या मुलाच्या काळातले कोल्हापूर. ते एक वर्षाचे झाले आणि तीन आठवड्यांत, १३ डिसेंबर १९४२ रोजी, गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला. सात जण हुतात्मा झाले. माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांची प्रजा परिषद जबाबदार राज्यपद्धती मागत होती. शहरात विल्सन या गव्हर्नरचा पुतळा होता. चले जावच्या दिवसांत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी त्याचे तोंड ॲसिडने विद्रूप केले, पुढे तो फोडला गेला. १९४५ मध्ये त्याच जागी भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने, बाबूराव पेंटरांच्या हातचा शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. तोच आजचा शिवाजी चौक. त्या वर्षी कोल्हापुरात दोन शिवाजी होते. एक चौकात, लोकांनी हट्टाने उभा केलेला. दुसरा राजवाड्यात, साडेतीन वर्षांचा, ज्याच्या नावाने चालणाऱ्या सरकारशी लोक भांडत होते. त्या मुलाचा या भांडणात काहीच दोष नव्हता. त्याच्या नावाने हुकूम निघत होते आणि त्याला ते वाचताही येत नव्हते.

मग १९४६ चा सप्टेंबर. दिल्लीत २ तारखेला नेहरूंचे हंगामी सरकार आले होते. देशाची फाळणी होणार की नाही, या एकाच प्रश्नात सगळी वर्तमानपत्रे बुडाली होती. त्या गदारोळात २८ तारखेला करवीरचे छत्रपती वारले.

राजवाड्यात डॉक्टर असतात, औषधे असतात, पैसा असतो. तरी मूल हातचे जाते, हे आजच्या आईबापांना कळणे अवघड आहे, म्हणून एक आधार देतो. त्याच वर्षी, १९४६ मध्ये, भोर समितीचा देशाच्या आरोग्यावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातले आकडे असे: १९३७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १६२ पहिल्या वाढदिवसाआधी जात होती, इंग्लंडात ५८. देशातल्या एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू दहा वर्षांखालच्या मुलांचे होते, आणि एक ते पाच या वयातच १८.७ टक्के. म्हणजे हे मूल ज्या वयात गेले, त्या वयात हजारो घरांतून मुले जात होती. गंगावेशीतल्या आईला आणि नव्या राजवाड्यातल्या राणीला जोडणारे त्या काळी जे थोडे होते, त्यात हे दुःख होते. आपल्या आज्या-पणज्यांना ‘मुले किती?’ विचारले तर ‘झाली सात, राहिली चार’ असे उत्तर येई. त्यांच्या ‘झाली’ मध्ये गेलेलीही असत. त्या विसरत नसत.

राज्यांच्या मोजणीत मात्र विसरतात, आणि कोल्हापूरने हे एकदा आधीही केले आहे. १८२१ मध्ये आबासाहेब महाराजांचा खून झाला. त्यांच्यामागे तान्हा मुलगा गादीवर मानला गेला, त्याचेही नाव शिवाजी. १८२२ उजाडताच ते मूलही गेले आणि चुलते बावासाहेब गादीवर आले. आता आपली नेहमीची मोजणी घ्या. अहमदनगरला वारलेल्या महाराजांना मराठीत चौथे शिवाजी म्हणतात. ताराबाईंचा मुलगा पहिला, खानवटचे दुसरे, सत्तावन्न सालचे बाबासाहेब तिसरे, मग हे चौथे. १८२१ चे बाळ यात कुठेच नाही. इंग्रजी याद्यांत ते असते. म्हणून १९४६ मध्ये गेलेल्या मुलाचा क्रमांकही एका यादीत एक, दुसरीत दुसराच, कुठे तर सातवा. एका मेलेल्या बाळाला मोजायचे की नाही हे न ठरल्याने दुसऱ्याचा क्रमांकही ठरत नाही.

फ्रान्सने हे वेगळे केले. १३१६ मध्ये तिथला राजा दहावा लुई वारला तेव्हा राणी गरोदर होती. १५ नोव्हेंबरला मुलगा झाला, जन्मताच राजा ठरला आणि पाच दिवसांत गेला. तिथेही चुलताच गादीवर आला. पण त्या बाळाला ‘पहिला जाँ’ हा क्रमांक मिळाला. चौतीस वर्षांनी त्या नावाचा पुढचा राजा आला, तो ‘दुसरा जाँ’ म्हणून. सेंट डेनिसच्या राजसमाध्यांत त्या पाच दिवसांच्या राजाची दगडी मूर्ती आहे. पाच दिवस जगलेला मोजला जातो आणि आपल्याकडे पावणेपाच वर्षे जगलेला यादीतून निसटतो, हे मला पटत नाही.

या मुलाच्या जाण्याने काय बदलले? बरेच. ताराराणींना पुन्हा दत्तक शोधावा लागला. या वेळी तान्हे मूल घेतले नाही. देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार आपली गादी मुलाला देऊन कोल्हापुरात आले आणि शहाजी महाराज झाले. सदतीस वर्षांचा होत आलेला कर्ता पुरुष, दुसऱ्या महायुद्धात रणांगण पाहिलेला. साडेचार महिन्यांत देश स्वतंत्र झाला आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. ते मूल जगते तर विलीनीकरणाच्या दिवशी करवीरचे छत्रपती सात वर्षांचे असते.

निवडणुकीतल्या त्या वादाला थेट भिडणारी गोष्ट यापुढे आहे. विक्रमसिंहराव हे राजर्षी शाहूंच्या कन्या राधाबाई आक्कासाहेब यांचे चिरंजीव, म्हणजे शाहूंचे सख्खे नातू. शालिनीराजे या त्यांच्या कन्या आणि १९६२ मध्ये दत्तक घेतलेले दिलीपसिंह, म्हणजे आजचे शाहू छत्रपती, हे शालिनीराजेंचे चिरंजीव. कायद्याने दत्तक, रक्ताने राजर्षींचे खापरपणतू. १९४६ मध्ये गेलेले मूल भोसल्यांचे होते, पण शाहूंच्या रक्ताचे नव्हते. शाहूंचा वंश लेकीच्या बाजूने गादीवर परतला तो त्या मुलाच्या मृत्यूमुळे. ज्यांना रक्ताचीच मोजदाद हवी, त्यांनी हा धागा पाहावा. माझ्या मते लोकशाहीत उमेदवार त्याच्या कामावर तोलावा, मग तो कुणाच्याही पोटचा असो. मात्र याच कोल्हापूरने १९६२ मध्ये पद्माराजेंच्या बाजूने मोठे आंदोलन केले होते, हेही लक्षात ठेवायला हवे. राजाराम महाराजांची सख्खी लेक बाजूला का, हा लोकांचा प्रश्न होता. तो प्रश्न १९४७ च्या दत्तकाच्या वेळीही होता आणि त्या तान्ह्याला मांडीवर घेतले तेव्हाही होता. मुलीला गादी चालली असती तर शंकरराव भोसल्यांचा प्रतापसिंह आपल्या घरी, आपल्या नावाने वाढला असता.

डॉ. जयसिंगराव पवारांसारख्या अभ्यासकांनी महाराणी ताराबाई आणि राजर्षी शाहू यांची चरित्रे आयुष्य ओतून लिहिली. त्या पंगतीत या मुलासाठी ग्रंथ कुणी मागत नाही. एक टिपण पुरे. करवीर सरकारचे गॅझेट आणि १९४६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरचे ‘पुढारी’चे अंक एकत्र पाहून इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याने ते सहज करावे. जिथे जिथे करवीर छत्रपतींची वंशावळ लावली जाते, छापली जाते, तिथे १९४० आणि १९४७ यांच्या मध्ये ‘शिवाजी महाराज, २२ नोव्हेंबर १९४१ ते २८ सप्टेंबर १९४६’ ही ओळ पूर्ण तारखांसह यावी, आणि १८२१ च्या बाळालाही त्याची जागा मिळावी. आज पंच्याऐंशीच्या पुढचे जे कोल्हापूरकर आपल्यात आहेत, त्यांच्यापैकी कुणाला १९४६ चा तो दिवस, त्या दिवशी बंद राहिलेली शाळा किंवा पेठ, घरातल्या मोठ्यांचे बोलणे आठवत असेल, तर त्यांनी ते नातवंडांकडून लिहून घ्यावे. आठवणी सांगणारे आता थोडेच उरले आहेत.